अंशतः वगळलेला धानोरा

1936 साली लंडनहून एक हुकूम निघाला. आदल्या वर्षीच्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना निवडून आलेली सरकारे मिळणार होती. मात्र त्या सरकारांचे कायदे हिंदुस्थानातल्या काही मुलखांना आपोआप लागू होऊ द्यायचे नाहीत असे ब्रिटिशांनी ठरवले, आणि त्या मुलखांची यादी म्हणजे हा हुकूम. यादीत दोन वर्ग होते, 'वगळलेली क्षेत्रे' आणि 'अंशतः वगळलेली क्षेत्रे'. मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्याच्या नावापुढे दुसऱ्या वर्गात सिरोंचा तहसिलीतली अहेरीची जमीनदारी आहे आणि गडचिरोली तहसिलीतल्या पंधरा जमीनदाऱ्या आहेत : धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोटगल, मुरूमगाव, पळसगड, रांगी, सिरसुंडी, सोनसरी, चांदाळा, गिलगाव, पावीमुरांडा आणि पोटेगाव. आज यातली बरीच नावे एसटीच्या पाट्यांवर आणि तलाठी साझांच्या यादीत वाचायला मिळतात. नव्वद वर्षांपूर्वी मात्र नकाशावर त्यांच्याभोवती कायद्याची वेगळी रेघ ओढलेली होती. ती रेघ पुढे अनेकदा पुसली आणि पुन्हा काढली गेली, पण पुरती कधीच नाहीशी झाली नाही. धानोऱ्याला 'दुर्गम' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. माझे म्हणणे असे की धानोऱ्याचे वेगळेपण डोंगर आणि नद्यांनी जेवढे घडवले त्याहून जास्त या रेघेने घडवले. त्या वेगळेपणाचा फायदा झाला की तोटा, हे वेगळेपण आहे की नाही यावर ठरत नाही. ते कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. गडचिरोली जिल्ह्याच्या पश्चिमेला वैनगंगा, पुढे तिचीच प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि आग्नेयेला इंद्रावती. पूर्वेला छत्तीसगडातल्या मानपूर-मोहल्याकडे चढत जाणारे डोंगर. धानोरा त्या डोंगरांच्या पायथ्याशी, गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावर. कठाणी नदी याच भागातून वाहत वैनगंगेला मिळते. पाऊस सरासरी तेराशे मिलिमीटरच्या वर, शेती मुख्यतः धानाची, आणि उरलेली जमीन साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू, चार आणि बांबूच्या बेटांची. पावसाळ्यात नाले भरले की गावे तुटतात, हे आजही खरे आहे. मग वेगळेपणाचे खापर कायद्यावर कशासाठी? कारण एकच. या जंगलातून माल बाहेर जाणे कधी थांबले नाही. आलापल्लीचा साग ब्रिटिश अमदानीतच नावाजला होता. मोहफूल, हिरडा, लाख, डिंक, चारोळी ही व्यापाऱ्यांची नेहमीची जिन्नस होती. पुढे बांबू आणि तेंदूपाने ट्रक भरभरून गेली. ज्या डोंगरातून सागाचा लठ्ठा बाहेर काढता येतो त्या डोंगरात शाळामास्तर, डॉक्टर आणि हक्काचा कागद पोचू शकत नाही, हे निव्वळ भूगोलाने पटण्यासारखे नाही. रस्ता कशासाठी खुला ठेवायचा आणि कशासाठी बंद, हे माणसांनी ठरवलेले होते.

ही ठरवाठरवी ब्रिटिशांच्या आधीपासूनची आहे. चांद्याच्या गोंड राजांनी आणि त्यांच्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी हा डोंगरी पट्टा थेट ताब्यात ठेवण्यापेक्षा स्थानिक प्रमुखांवर सोडणे पसंत केले. त्यांच्याकडून नाममात्र खंडणी घ्यायची, तिला 'टाकोळी' म्हणत, आणि वाटा व घाट राखण्याचे काम त्यांच्याकडे द्यायचे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा इंग्रजांनी हीच व्यवस्था कागदावर आणली. त्याला चार वर्षे होत नाहीत तोच मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याला फाशी दिले गेले. त्यानंतरचे सरकारचे धोरण दुहेरी दिसते. जमीनदारांची सत्ता हळूहळू कमी करायची, पण मुलूख वेगळाच ठेवायचा. 1874 च्या अनुसूचित जिल्हे कायद्यात चांद्याच्या जमीनदाऱ्यांचा समावेश झाला, म्हणजे कोणता कायदा येथे चालेल हे सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून राहिले. साध्या रयतेला या सगळ्यात एकच गोष्ट कळत होती. जंगलातून जळण, खांब, बांबू, चारा आणायचा हक्क आहे, आणि तो निस्तार म्हणून लिहिलेला आहे. हा निस्तार हक्क पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

1935 च्या कायद्याचे कलम 92 हे या वेगळेपणाचे सगळ्यात नेमके रूप. त्यात म्हटले होते की वगळलेल्या किंवा अंशतः वगळलेल्या क्षेत्रात केंद्राचा वा प्रांताचा कोणताही कायदा राज्यपालाने जाहीर सूचनेने सांगितल्याशिवाय लागू होणार नाही, आणि सांगताना राज्यपाल त्यात फेरफारही करू शकेल. शिवाय शांतता आणि सुशासनासाठी स्वतः नियम करण्याचा अधिकारही त्याला होता. कागदावर हे संरक्षण होते. सावकार, दारूचे ठेकेदार आणि जमीन बळकावणारे यांच्यापासून आदिवासींना वाचवायचे, असे त्याचे समर्थन केले जाई, आणि या समर्थनात तथ्य होते. मध्य प्रांताच्या सरकारने नेमलेले चौकशी अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा 1944 मधला अहवाल वाचला की जमीन, कर्ज, वेठ आणि जंगलखात्याचा जाच यांचे किती प्रश्न साचले होते ते कळते. पण त्याच अहवालातून दुसरीही गोष्ट उघड होते. संरक्षणाचा अधिकार राज्यपालाच्या हाती असूनही हे प्रश्न साचलेच होते. वेगळे ठेवलेल्या लोकांना त्या वेगळेपणाचा वापर करण्याचा कसलाच अधिकार नव्हता. कुंपण होते, फाटकाची चावी मात्र नागपूरला.

जगात असे कुंपण घातलेले मुलूख अनेक आहेत, पण धानोऱ्याशी ताडून पाहावा असा एक पॅसिफिक महासागरात आहे : अमेरिकन सामोआ. तुतुइला हे मुख्य बेट, पूर्वेला मानुआची तीन छोटी बेटे आणि दोन प्रवाळद्वीपे. सगळे मिळून क्षेत्रफळ साधारण दोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचा सत्तरावा भागही नाही. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 49,710. पागो पागोचे खोल, डोंगरांनी वेढलेले बंदर कोळशावर चालणाऱ्या आरमाराला हवे होते, म्हणून 1899 मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात सामोआची वाटणी झाली. पूर्वेचा भाग अमेरिकेला आला. 17 एप्रिल 1900 रोजी तुतुइलाच्या प्रमुखांनी आणि 1904 मध्ये मानुआच्या प्रमुखांनी आपली बेटे अमेरिकेला सुपूर्द करणाऱ्या दस्तांवर सह्या केल्या. अमेरिकेच्या काँग्रेसने ते दस्त मान्य करायला 1929 साल उजाडले. 1951 पर्यंत कारभार आरमाराकडे होता, नंतर तो गृहखात्याकडे गेला. तिथले लोक निवडून दिलेला पहिला राज्यपाल पाहू शकले ते 1978 मध्ये. या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1901 पासून दिलेल्या निकालमालिकेने असे ठरवले होते की अमेरिकेने मिळवलेल्या अशा बेटांना राज्यघटना पूर्णपणे लागू होत नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर. चांद्याच्या जमीनदाऱ्यांना लावलेला शब्द आणि हा विचार यांत फारसे अंतर नाही.

पण सामोआत एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी झाली. आरमाराचे कमांडर टिली यांनी 1900 मध्येच एतद्देशीयांची जमीन बाहेरच्यांना विकण्यावर बंदी घातली. ही बंदी आजवर टिकली आहे, आणि बेटावरची नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन अजूनही सामुदायिक आहे. ती 'आइगा' म्हणजे विस्तारित कुटुंबाच्या मालकीची असते आणि कुटुंबाने निवडलेला 'मताई' तिची व्यवस्था पाहतो. कायदेमंडळाला फोनो म्हणतात, त्याच्या वरिष्ठ सभागृहात फक्त मताईच बसू शकतात. हवाईत अमेरिकी ऊसमळेवाल्यांनी जमिनी घेतल्या आणि मूळचे लोक अल्पसंख्य झाले, सामोआत तसे झाले नाही. याची किंमतही त्यांनी मोजली आहे. अमेरिकन सामोआत जन्मलेला माणूस अमेरिकेचा 'राष्ट्रीय' असतो, जन्माने नागरिक नसतो, आणि तशी नोंद त्याच्या पासपोर्टवर असते. तिथे राहून त्याला अध्यक्षीय निवडणुकीत मत देता येत नाही. प्रतिनिधीगृहात 1981 पासून त्यांचा एक सदस्य आहे, पण त्याला सभागृहात अंतिम मतदानाचा हक्क नाही. आणि तरीही, जन्मसिद्ध नागरिकत्व मागणारा दावा 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासमोर आला तेव्हा खुद्द अमेरिकन सामोआच्या सरकारने त्याला विरोध केला. नागरिकत्वाबरोबर समान संरक्षणाचे कलम आले तर जमिनीचा कायदा टिकणार नाही, ही त्यांची भीती. न्यायालयाने दावा फेटाळला. 2021 मध्ये आणखी एक दावा दुसऱ्या अपील न्यायालयात हरला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला.

आता धानोऱ्याकडे वळले की चित्र नेमके उलटे दिसते. सामोआकडे जमीन राहिली आणि मत राहिले नाही, धानोऱ्याला मत मिळाले आणि जंगल राहिले नाही. 1950 च्या राज्यघटनेने या मुलखातल्या प्रत्येक प्रौढाला पूर्ण नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क दिला, 1952 च्या निवडणुकीत तो बजावलाही गेला. पाचव्या अनुसूचीने चांद्याच्या जमीनदारी पट्ट्याचे वेगळेपण अनुसूचित क्षेत्र म्हणून चालू ठेवले. पण एक बदल फार कमी लोकांच्या लक्षात येतो. 1935 च्या व्यवस्थेत राज्यपालाने सांगितल्याशिवाय कोणताही कायदा लागू होत नव्हता. पाचव्या अनुसूचीत राज्यपालाने नाही म्हटल्याशिवाय प्रत्येक कायदा लागू होतो. कायदा आधी दाराबाहेर थांबत होता, आता तो आत येऊन बसला आणि त्याला बाहेर काढायला कोणी तरी उठावे लागणार होते. 1927 चा वन कायदा असाच आत आला. 1951 मध्ये मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या. त्यांचे जंगल रयतेकडे आले नाही, सरकारकडे गेले, आणि वनखात्याची चौकी जमीनदाराच्या वाड्याच्या जागी उभी राहिली. निस्तार हक्क कागदावर उरले, रानात गेलेल्या माणसाला मात्र प्रत्येक खांबासाठी रखवालदाराला तोंड द्यावे लागले. त्याच रानातला बांबू सरकारने बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारावर, बाजारभावाच्या मानाने अगदी स्वस्तात दिला. वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होते. झाड म्हणून तो सरकारचा, आणि सरकारचा म्हणून गिरणीचा.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे, आणि तो मराठी माणसाने मांडलेला आहे. मालवण परिसरात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणारे गो. स. घुर्ये यांनी 1943 च्या आपल्या पुस्तकात आदिवासींना वेगळे काढण्याच्या ब्रिटिश धोरणावर कडाडून टीका केली. त्यांच्या मते हे लोक 'मागासलेले हिंदू' होते. त्यांचे हाल वेगळेपण नसल्याने झालेले नाहीत, ते चुकीच्या महसूल आणि जंगल कायद्यांमुळे झाले आहेत, आणि उपाय वेगळे ठेवणे हा नसून समाजात सामावून घेणे हा आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी 1939 च्या 'द बैगा' या ग्रंथात बैगा आदिवासींसाठी राखीव मुलखाची कल्पना मांडली होती, तिच्यावरचा राग घुर्यांच्या लिखाणात स्पष्ट दिसतो. घुर्यांचे निदान पुष्कळसे बरोबर होते, असे मी म्हणेन. हाल कायद्यांनी केले. पण औषध चुकले. सामावून घेणे म्हणजे तेच कायदे इथेही जसेच्या तसे लागू करणे असेल, तर ते 1950 नंतर धानोऱ्यात झाले, आणि त्याचा परिणाम बांबूच्या करारात दिसला. वेगळेपणाचे विरोधक असलेले ठक्करबाप्पा घटना समितीच्या वगळलेल्या क्षेत्रांच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या समितीनेही जमिनीचे संरक्षण आणि आदिवासी सल्लागार मंडळ यांची शिफारस केली. त्यांना मान्य नव्हते ते लोकांना बाहेरच्या जगापासून लपवून ठेवणे. त्यांच्या जमिनीभोवती कायद्याचे कुंपण घालणे ही दुसरी गोष्ट, आणि ती समितीने मान्य केली. घुर्ये आणि एल्विन यांच्या वादात हा फरक हरवतो, म्हणून तो वाद कधी संपत नाही.

कुंपणाची चावी गावाच्या हाती आली तर काय होते, याचा पुरावा धानोऱ्याच्या वेशीवरच आहे. गडचिरोली–धानोरा रस्त्यावर लेखा आणि त्याला लागून मेंढा. शंभराच्या आसपास घरांचे, जवळजवळ पूर्णपणे गोंडांचे गाव. 1980 च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या इंचमपल्ली व भोपाळपट्टणम धरणांविरुद्ध जंगल वाचवा मानव वाचवा आंदोलन झाले. बाबा आमटे आणि छत्तीसगडातल्या मोहला-पानाबरसचे लाल श्याम शाह त्यात होते. धरणे मागे पडली. त्या काळात मेंढ्यात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावाने एक अभ्यास मंडळ सुरू केले. त्यात बसून लोकांनी कायदे वाचले, निस्ताराचे जुने कागद काढले आणि जंगलावरचा आपला हक्क काय आहे ते शोधले. मोडकळीला आलेले घोटुल, म्हणजे गोंड तरुणांचे सामुदायिक घर, सागवानी लाकडाने नव्याने बांधले. वनखात्याने ते पाडले तेव्हा आसपासची गावे जमली आणि ते पुन्हा उभे राहिले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, हा नियम तेव्हापासूनचा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथून देशभर गेली. तिच्या पहिल्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण महत्त्वाचा आहे तोच. मेंढ्याने दिल्ली-मुंबईचे सरकार आपलेच मानले, त्यातून बाहेर पडायचे कधी म्हटले नाही. सामोआला नागरिकत्व आणि जमीन यांतले एक निवडावे लागले, मेंढ्याने दोन्ही मागितले.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढा तयार होते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्यांना मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. योगायोग असा की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत धानोरा तालुक्यातच मरकेगावला नक्षल हल्ल्यात पंधरा पोलीस मारले गेले, आणि बाहेरच्या जगाने धानोऱ्याचे नाव त्याच कारणाने लक्षात ठेवले. इकडे मेंढ्याला हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे 'टीपी' म्हणतात, तो वनखात्याकडे. टीपी नसेल तर स्वतःच्या हक्काचा बांबू नाक्यावर चोरीचा ठरतो. वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते आणि वन कायदा त्याला झाड म्हणत होता. या भांडणात दोन वर्षे गेली. मार्च 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच असल्याचे कळवले, आणि 27 एप्रिल 2011 रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह ते मेंढ्याला आले. टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यानंतर तोडणीचे नियम गावाने स्वतः केले : वास्ते (कोंब) आणि कोवळा बांबू बेटात ठेवायचा, जून तेवढा काढायचा, घाव जमिनीलगतच्या पेरावर घालायचा. ठेकेदाराचा मजूर बेट फोडून सोयीचा बांबू काढी, कारण पुढच्या वर्षी तो तिथे नसणार. गावाला पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे जायचे होते. पुढे ग्रामसभेने आपल्या नावाने आयकराचे पॅन आणि टॅन क्रमांक काढले. 2013 मध्ये तर गावाने 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली खासगी शेतीही ग्रामसभेला द्यायचा ठराव केला.

एका मेंढ्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढायचा का, असे कोणी विचारेल, आणि विचारावेच. मेंढ्याला असामान्य माणसे लाभली हे खरे. पण मेंढ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यात धानोरा तालुक्यातलीही अनेक. 2013 पासून जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलावही स्वतः करायला सुरुवात केली. तेंदूचा हंगाम साधारण मे महिन्यात काही आठवड्यांचा. पहाटे घरातली सगळी माणसे रानात जातात, दुपारपर्यंत पाने आणून सत्तर-सत्तरचा पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. हजार पुड्यांची एक गोणी. पूर्वी मजुरी सरकारी दराने मिळे आणि रॉयल्टी सरकारजमा होई, आता मजुरीही आणि रॉयल्टीही गावात येते. ही व्यवस्था निर्दोष नाही. ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले, काही ठिकाणी लिलाव कागदावरच झाला, अनेक ग्रामसभांचे कोरम भरत नाहीत आणि दप्तर एकाच सचिवाच्या घरी असते. हे सगळे दोष मान्य करून एवढेच विचारायचे की यातला कोणता दोष जुन्या व्यवस्थेत नव्हता? ठेकेदार तेव्हाही पैसे बुडवत, फक्त तक्रार कोणाकडे करायची हे मजुराला माहीत नसे. आता ज्याचे पैसे बुडाले ती ग्रामसभा कायद्याने उभी आहे आणि पुढच्या वर्षी लिलाव कोणाला द्यायचा हे तीच ठरवते.

सगळ्यात अवघड आक्षेप समानतेचा. धानोऱ्यात फक्त गोंड राहत नाहीत. हलबा, कंवर, प्रधान आहेत, शिवाय पिढ्यानपिढ्या इथेच असलेले इतर मागासवर्गीय आणि दलित शेतकरी आहेत. जून 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे पूर्णपणे स्थानिक आदिवासींसाठी राखली, आणि जिल्ह्यातल्या ओबीसींमध्ये मोठा असंतोष झाला. नोकऱ्यांतले त्यांचे आरक्षण आधीच सहा टक्क्यांवर आलेले होते. त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. सामोआतही हाच पेच आहे. तिथे निम्म्याहून कमी सामोअन रक्त असणाऱ्याला बहुतेक जमीन घेता येत नाही आणि 1980 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हे भेद करणारे कलम संस्कृतीच्या रक्षणासाठी योग्य ठरवले. रक्ताच्या हिशोबाने घातलेले कुंपण मला पटत नाही, आणि धानोऱ्याच्या बाबतीत ते गरजेचेही नाही. आदिवासीची शेतजमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतला निर्बंध जमातीवर आधारलेला आहे आणि तो टिकायला हवा, कारण सावकारी अजून संपलेली नाही. पण जंगलाची व्यवस्था पाहणारी ग्रामसभा रहिवासावर आधारलेली आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा 1996 चा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा दोन्ही गावातल्या प्रत्येक प्रौढाला ग्रामसभेत बसवतात. त्यात ओबीसी आहे, दलित आहे. वनहक्काच्या ठरावाला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. मताईंच्या सभेत स्त्रिया आजही तुरळक, आणि गोंडांच्या पारंपरिक जात पंचायतीतही त्यांना स्थान नव्हते. म्हणून धानोऱ्याचा रस्ता सामोआपेक्षा चांगला वाटतो. इतर वनवासीयांकडून तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागण्याची अट मात्र अन्यायाची आहे. एवढा जुना कागद कोणाकडेच नसतो, आणि ती सैल केल्याशिवाय ओबीसींची तक्रार मिटणार नाही.

राहिला राज्यपालांचा अधिकार. 1936 च्या राज्यपालापासून आजवर तो कायम आहे, फक्त तो इतका कमी वापरला गेला की अनेकांना तो आहे हेच माहीत नाही. 2020 मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तो वापरून अनुसूचित क्षेत्रापुरता वनहक्क कायदा बदलला आणि जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यांविरुद्ध विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. पाचवी अनुसूची कशासाठी आहे ते यातून दिसते : कायदा इथे लागू करायचा की नाही, आणि करायचा तर कसा, याचा विचार त्या गावाच्या अनुभवावरून करणे. पुढचे काम उघड आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांचे जंगल व्यवस्थापन आराखडे ग्रामसभांनी करावेत, ते वनखात्याच्या कार्य आयोजनेखाली न दबता तिच्या बरोबरीने मान्य व्हावेत, आणि टीपीचे पुस्तक कोणत्याही सबबीखाली पुन्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊ नये. पेसाचे महाराष्ट्राचे नियम 4 मार्च 2014 पासून मराठीत उपलब्ध आहेत. धानोरा, रांगी, मुरूमगावच्या ग्रामसभांच्या सचिवांनी त्यांची प्रत दप्तरात ठेवावी, आणि लिलावाच्या सभेआधी ती मोठ्याने वाचून दाखवावी.